बिसाहूच्या तराजूची तपासणी

एका संक्रांतीच्या तोंडावर आमच्या गल्लीतली रद्दी महिनाभर उचलली गेली नाही, आणि ते काम मी बंद पाडलं होतं.

भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या आमच्या गल्लीत दर रविवारी बिसाहू कबाडी सायकलवर यायचा आणि पेपर, बाटल्या, तुपाचे डबे तोलून न्यायचा. मी स्टील प्लांटच्या वे-ब्रिजवर. अख्ख्या वॅगनी तोलणारा माणूस! (तोलायचं यंत्र, मी नुसता आकडा लिहायचो. पण हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं.) एका रविवारी बिसाहूनं तराजू उचलला आणि मला दिसलं, पारडी रिकामी, तरी दांडी तिरकी!

"डंडी मारता है?" मी ओरडलो. "वे-ब्रिजवाले को? तेरा काँटा खोटा है!"

गल्लीतली सगळी दारं उघडली. बिसाहूनं तराजू सायकलला अडकवला.

"मोला चोर कहे ना साहेब? त अब नइ आवंव," एवढंच त्याच्या छत्तीसगढीत म्हणाला, आणि गेला. चोर म्हटलंत, आता येणार नाही.

त्या दिवशी मी फार खूश होतो. चहा दोनदा मागितला, आणि मिळालाही.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रस्त्यावरून जाणारा दुसरा कबाडी मी धावत जाऊन अडवला, तर तो म्हणाला, "वो गली बिसाहू की है, साहब!" आणि जोरात पॅडल मारत पसार झाला. एकाच्या गल्लीत दुसरा कबाडी पाय ठेवत नाही, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. मग मी स्वतःच गठ्ठा सायकलवर बांधून पावर हाउसच्या बाजाराकडे निघालो. चौकात सुतळी तुटली! अर्धा तास मी जुने पेपर पकडत होतो, आणि ट्रकवाले हॉर्न वाजवून मला उत्तेजन देत होते.

परत येतो तर समोरच्या घोषभाभी आमच्या व्हरांड्यात आपला गठ्ठा ठेवत होत्या.

"आपने भगाया, अब आप ही रखिए," त्या शांतपणे म्हणाल्या.

दुपारपर्यंत गल्लीतल्या अकरा घरांची रद्दी आमच्याकडे! बाटल्या तर इतक्या जमल्या, की पोस्टमन माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागला.

इथवर मीही हसलो असतो. पण त्या वर्षी कुसुमचं, म्हणजे माझ्या बायकोचं, भिलाईतलं पहिलं हळदीकुंकू होतं. भंडाऱ्याहून लग्न करून आली तेव्हापासून बिचारी एकटी पडली होती. गल्लीत कुणी बंगाली, कुणी तेलुगू, कुणी पंजाबी. यंदा तिनं हिंमत करून घरोघरी जाऊन बोलावणं केलं होतं, वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या. आणि आता बायका तोंड फिरवत होत्या.

"कुठं बसवू मी बायकायले? पेपरायवर?" ती म्हणाली. "तुमाले कोनं सांगतलं होतं त्याचा काटा पाहाले?"

"अगं, तो फसवून राहिला होता..."

"मंग फसवू द्याचं! तिकडं वॅगनी तोलता ना? घरची रद्दी कावून तोलता?"

आणि ती रडायला लागली. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मी तसाच पावर हाउसला गेलो, कबाड्यांच्या गोदामांतून बिसाहूला शोधून काढलं आणि हात जोडले. पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

"आऊँगा साहब," तो म्हणाला. "सच्चा काँटा ले के आऊँगा."

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी आला खरा! कोरा करकरीत तराजू घेऊन. अख्खी गल्ली जमली. घोषभाभींचा नेहमीचा दहा किलोचा गठ्ठा आठ किलो भरला. दुसऱ्यांचेही तसेच. बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

मी जुना तराजू मागितला. बिसाहूनं तो पोत्यातून काढला. पेपर ठेवायचं पारडं कधीतरी फाटलं होतं, म्हणून त्यानं खाली जाड पत्रा ठोकला होता. दांडी तिरकी होतीच, पण पेपराच्या बाजूला! इतकी वर्षं तो आमची रद्दी जास्तच धरत होता, आणि त्याला स्वतःलाही पत्ता नव्हता. वे-ब्रिजवाल्याचं दांडी कुठल्या बाजूला झुकते, तेवढंच बघायचं राहिलं होतं.

"पुराना वाला ही सही था ना, भाईसाहब?" घोषभाभी म्हणाल्या. "ज़रा ज़ोर से बोलिए!"

दारात कुसुम नवी साडी नेसून उभी होती. मी बिसाहूकडे बघितलं. तो हसला.

"नुकसान मोर हे त रहन दे, साहेब. फेर चोर झन कहिबे."

तोटा चालेल, चोर म्हणू नका.

"पुराना काँटा," मी भर गल्लीत ओरडलो, "एकदम सही है!"

बारापर्यंत व्हरांडा मोकळा झाला. संध्याकाळी तिथं बायका मावेनात. मला कुसुमनं मागच्या दारी बसवलं होतं. तिळगूळ तिथंच पाठवला, सोबत निरोप होता: "गोड बोलू नका. काहीच बोलू नका."