भवानीपुरात मी दूध सोडलं

"पोटुशी पोर आहे ती, विहीणबाई. तुमच्या व्रताचा उपास तिला कशाला?" असं म्हणत कुसुमच्या आईनं दुधाची लोटी माझ्या चुलीपाशी आदळली. थेट बागबाजारहून ट्राममधून, पदराखाली धरून आणलेली.

मी म्हटलं, दूध मी सोडलंय. तुमच्या लेकीला मी एका शब्दानं अडवलेलं नाही. तिनं आपणहून सोडलं.

"सासूच्या घरात सून आपणहून काही सोडत नसते," त्या म्हणाल्या, "आणि ऐकायचं नसेल तर आजच माहेरी नेते. बाळंतपण झालं तरी परत पाठवायचं की नाही, ते मी ठरवीन."

कुसुमला दिवस गेले तेव्हापासून हे चाललं होतं. घरातल्या एका बाईनं दूध सोडलं, की किस्से सायीसारखे धरतात. एक थर काढावा तो खाली दुसरा तयार. स्वराज्य आल्यावर चार-पाच वर्षांनी मी सोडलं. गवळी पाणी घालतो असा मला संशय होता, म्हणून पहाटे त्याच्या खटालात, म्हणजे गोठ्यात, जाऊन उभी राहिले. पाणी घालताना नाही सापडला. पण गाईला फसवून दूध कसं काढतो, ते पाहिलं. त्या दिवसापासून दूध, दही, तूप बंद. मी शाळेची पायरी चढलेली नाही, वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून वाचायला शिकले. शास्त्रातला आधार मागाल तर मिळायचा नाही. डोळे मात्र माझे स्वतःचे आहेत.

खालच्या मजल्यावर बंगाली मासीमा राहत. मासळी नाही, अंडं नाही, हे त्यांनी पोटात घातलं होतं. आता दूधही नाही म्हटल्यावर त्या माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघतच राहिल्या. त्यांच्यात मासळी-अंडं विधवा सोडतात, पण दूध त्यासुद्धा घेतात. दुसऱ्या दिवशी आमचे हे ऑफिसला निघाले, तर मासीमांनी जिन्यात थांबवून त्यांची तब्येत विचारली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. संध्याकाळी हे मला म्हणाले, "तुला काय सोडायचं ते सोड. फक्त खाली एकदा सांगून ये, की मी अजून आहे."

आमच्या मंडळातल्या मराठी बायका निराळ्याच. मी चोरून पिते अशी त्यांची खात्री होती. का, तर माझी तब्येत उतरत नव्हती! कोजागिरीला मी नारळाचं दूध काढलं, केशर-वेलची घालून आटवलं आणि काही न बोलता पेले भरले. जोशीबाई तर दोन पेले प्यायल्या. मग मी सांगितलं कशाचं ते. जोशीबाईंच्या पोटात लगेच कळ आली. सांगेपर्यंत पोट अगदी ठणठणीत होतं.

गार्डन रीचला रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर असलेले एक साहेब होते. भर पंगतीत त्यांनी मला अडवलं. दूध पाप, तर मग वहिनी, तुमच्या चपला कशाच्या? सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी म्हटलं, "चामड्याच्या. सगळी पापं एकाच दिवशी सोडली, तर उद्या तुम्ही मला विचारणार काय?" पंगत हसली. पण माणूस बरोबर बोलला होता. घरी येऊन कॅनव्हासच्या चपला शोधायला लागले.

आता संशयाचं म्हणाल, तर तो माझ्याही अंगात मुरला. वरणावर काही चकाकलं की मी वाटी उजेडात धरायची. मिष्टी दोईच्या, त्या गोड दह्याच्या, दुकानासमोरून जाताना फुटपाथ बदलायची, तो माझा मलाच संशय म्हणून. विहीणबाईंनी कुसुमसाठी डिंकाचे लाडू आणले. तेलातले आहेत, देवाशपथ, म्हणाल्या. मी एक फोडलासुद्धा नाही. तूप मी वासावरून ओळखलं नाही, विहीणबाईंच्या हसण्यावरून ओळखलं.

तर त्या दिवशी लोटी आदळली, आणि मी म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता खटालात चला, गाईला कसं फसवतात ते बघा. त्या म्हणाल्या, आमच्या बागबाजारात असलं काही चालत नाही. पूर्वी मराठ्यांच्या स्वाऱ्या अडवायला शहरानं जिथून खंदक खणायला घेतला, तिथंच यांच्या तीन पिढ्या गेल्या, त्याचा फार तोरा. पण आल्या.

धार काढायची वेळ होती. गाईचं वासरू मागेच मेलेलं. त्याचं कातडं सोलून, आत पेंढा भरून, चार काठ्यांच्या पायांवर गवळ्यानं ते गाईपुढे उभं केलं. गाय ते चाटायला लागली. चाटता चाटता पान्हा सुटला आणि बादलीत धारा वाजायला लागल्या.

मी विहीणबाईंना पुढे केलं. म्हटलं, आता बघू देत. पुढे काय बोलायचं तेही मनात जुळवून ठेवलं होतं.

बादली भरली. गवळ्यानं ते वासरू काखेत मारलं आणि भिंतीवरच्या खुंटीला अडकवलं. गाय मान वळवून खुंटीकडे बघत राहिली.

विहीणबाईंचे डोळे कोरडे होते. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "कुसुमच्या आधीची माझी पोर गेली, तेव्हा मला कुणी पेंढ्याचीसुद्धा आणून दिली नाही."