वन्संचा गडगा

कार्तिकातली दुपार. पाऊस जाऊन पंधरा दिवस झालेत आणि उकाडा असा, की भिंतीला पाठ लावावीशी वाटत नाही. जेवणं आटोपून मी पडवीतल्या खाटेवर आडवी होते. पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावते. माझी पाच मिनिटं कधी पाच असतात? पंखा दर फेरीला एकदा टक करतो. ते टक मोजता मोजता खाटेच्या पायथ्याशी कुणीतरी येऊन बसतं आणि खाट कुरकुरते.

कुमुदवन्सं. ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. तीस वर्षं कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केली आणि अठ्ठावीस वर्षं ह्या घरात माझ्याशी भांडल्या. गेल्या मार्गशीर्षात वारल्या. हे मला झोपेतही पक्कं ठाऊक आहे, पण समोर बसलेल्या माणसाला असं तोंडावर कसं म्हणायचं? मी पाय आखडून त्यांना जागा करून देते.

"झोपलीस काय गो शैला? ऊठ, परीक्षा आहे."

"कसली परीक्षा, वन्सं? साठ सरली माझी."

"तोंडी परीक्षा. ऊठ म्हणते ना."

काठीशिवाय त्या तरातरा पुढे चालतात. मी पडवीची पायरी उतरते, तर खाली अंगण नाहीच. प्रयोगशाळेची लांबच लांब टेबलं आहेत, आणि त्यांवर ताटल्यांतून आमच्या मागच्या गडग्याचे, त्या बुटक्या कुंपणभिंतीचे, जांभ्याचे दगड मांडलेले आहेत, प्रत्येकावर नंबर. छतातून बारीक पाऊस पडतोय. त्याचं कुणाला काही वाटत नाही.

वन्सं माझ्या हातात त्यांचं भिंग देतात. "डोळ्याला चिकटव आणि दगड जवळ आण. दगडावर वाकू नकोस, कंबर धरेल. हं, एक नंबर?"

"चांदी," मी म्हणते. रुपेरी टोकांचं, इवल्या पानांचं मॉस, पायरीच्या फटीतून येणारं. ही नावं वन्संनीच ठेवलेली. लांबलचक लॅटिन नावंही त्यांना पाठ होती, पण घरात ती बोलली तर मी पोळी करपवायचे.

"दोन नंबर?"

"हे साधं शेवाळंच."

"भिंगातून पान दिसतं?"

"नाही."

"बोट फिरव."

बोट सर्रकन घसरतं.

"ह्याला पान नाही, देठ नाही, नुसतं बुळबुळीत. मला धुण्याच्या दगडाशी पाडलं ते ह्याने," वन्सं म्हणतात. "आणि तू शिक्षा कुणाला दिलीस?"

मी भिंग डोळ्यावरून काढते. म्हणजे ह्यासाठी आल्यात तर.

गेल्या वर्षीच्या श्रावणात वन्सं पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्या दवाखान्यात असताना मी ब्लीचिंग पावडरचे चार पुडे आणले आणि तारेच्या ब्रशने दोन दिवस घासत बसले. धुण्याचा दगड घासला, वाट घासली, आणि हात चालूच होते म्हणून अख्खा गडगाही घासला. त्या गडग्यावर कधी कुणी पाय ठेवत नाही. तिथे वन्संचं सगळं हिरवं ऐश्वर्य होतं, वीस वर्षं नजरेखाली वाढलेलं. घरी आल्यावर त्या पुन्हा पडू नयेत एवढंच माझ्या डोक्यात होतं. बरं, खोटं कशाला बोलू, त्या हिरव्या लाडांवर माझा थोडा रागही होता. वन्सं आल्या, मागच्या दारी खुर्चीत बसल्या, उघडाबोडका गडगा बघितला आणि म्हणाल्या, "स्वच्छ केलंस हो." त्यानंतर त्यांनी भिंग एकदाही मागितलं नाही. तीन महिन्यांत गेल्या. मला कुणी बोल लावला नाही. मीच रोज लावून घेते.

टेबलांच्या आता खाटा झाल्यात. दवाखान्यातल्या, पांढऱ्या चादरींच्या. वन्सं एकीवर टेकून बसल्यात आणि उशाशी सलाईनऐवजी पन्हळ गळतेय.

"वन्सं," मी विचारतेच, "तो गडगा बघून तुम्ही मन काढून घेतलंत का? माझ्यामुळे गेलात का?"

"छातीत पाणी झालं म्हणून गेले. डॉक्टरने तुझ्यासमोर तर सांगितलं."

"पण राग आला होता ना?"

"आला होता. चांगलाच आला होता. तीन दिवस तुझ्या हातची पेज घशाखाली उतरत नव्हती."

"आणि मग?"

"मग तू माझं अंग पुसायला वाकलीस, तेव्हा तुझे हात दिसले. बोटांची सालटं निघालेली. हातमोजे तरी घालायचे, वेडे!"

"मग बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठे बोललीस?"

मी रडते. वर्षभर जेवढं आवरून धरलं होतं तेवढं सगळं रडते, पदराचा बोळा तोंडात धरून. "चुकलं माझं, वन्सं."

"हो, चुकलं," त्या म्हणतात. समजूतबिमजूत काही घालत नाहीत. मला त्याने उलट बरं वाटतं. "झालं रडून? मग इकडे ये. शेवटचा नंबर राहिलाय."

आम्ही गडग्याशीच उभ्या आहोत, पाण्याच्या टाकीमागच्या कोपऱ्यात. दोन दगडांच्या सांध्यात एक काळपट खपली आहे.

"हे मेलेलं आहे," मी म्हणते. "मीच मारलेलं."

"मेलेलं असं आत वळून बसत नाही. नीट बघ. पाणी घाल त्याला."

मी गालावरचं पुसून ओला अंगठा पुढे करते.

"ते नको गो बाई! खारट असतं. पुन्हा मारशील."

मला रडता रडता हसू येतं. वन्सं आपला भिजलेला पदर पिळतात. त्या पाण्यात बुडवून मी अंगठा सांध्यात दाबते. खपली अंगठ्याखाली मऊ होते, हलते.

"आता सांग, कोण हे?" वन्सं कानाशी विचारतात. नाव माझ्या अगदी ओठावर येतं.

पंखा टक करतो. पडवी, खाट, चार वाजताचं ऊन. माझा उजवा अंगठा मुठीत घट्ट मिटलेला आहे. उघडते तर नखाच्या कडेला मोहरीएवढा काळपट पुंजका, बुडाशी जांभ्याची तांबडी माती. आज मी मागच्या दारी फिरकलेली नाही. गडग्याजवळ तर वर्षभरात नाही.

उठून बसते. तांब्यातलं एक थेंब पाणी त्यावर सोडते आणि श्वास रोखून बघत राहते. आधी काहीच होत नाही. मग एक पान सुटतं, मग दुसरं, आतून बाहेर, आणि काळ्याचं हिरवं होतं.

"गुंडाळी," मी मोठ्याने म्हणते. "वन्सं, ही गुंडाळी."

आतून ह्यांचा आवाज येतो, झोपेने जड झालेला. "कुणाशी बोलतेस गं? चहा टाकतेस ना?"

"तुम्हीच टाका आज," मी म्हणते. "माझा हात मोकळा नाही."