दहातले तीन

काका तीन बोटं वर करायचे आणि म्हणायचे, "आपले तीन." पांढरकवड्याच्या आमच्या कापसाच्या जिनिंग कंपनीचे हे अकाउंटंट, आणि मी त्यांच्या हाताखाली. कंपनीचा एका तेलगिरणीत तीस टक्के हिस्सा होता. गिरणीनं दहा रुपये कमावले की काका आमच्या पुस्तकात तीन रुपये नफा लिहीत, मग गिरणीकडून दमडीही आलेली नसो. पुढे लाभांश खरोखर हाती आला की मालक हरखून जायचे, हाही नफ्यात धरा म्हणायचे. काका तो शांतपणे गुंतवणुकीतून वजा करत. "खुशी एकदाच लिहा लागते, शेठ," एवढंच बोलत.

तुम्हाला वाटेल, माणूस रुक्ष असेल. छे! हाच नियम त्यांनी अख्ख्या गावाला लावला होता. कोणाचंही भलं झालं की त्यात काकांचे तीस टक्के. आमच्या गोदामवाल्यानं जुनी मोटरसायकल घेतली आणि हायवेवर दहा किलोमीटरची फेरी मारायला निघाला, तर काका मागे बसले. तीन किलोमीटर झाल्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली, उतरले आणि भर उन्हात चालत परत आले. हसून हसून आमची मुरकुंडी वळली.

लग्नघरी आचाऱ्याला सल्ला देणार म्हणजे देणारच. पण त्यानं नाही ऐकलं तरी रुसणार नाहीत. तीस टक्केवाल्यानं बोलावं, हुकूम सोडू नये, असं त्यांचं म्हणणं.

मी तेव्हा सीएच्या शेवटच्या परीक्षेला बसत होते आणि नेमानं नापास होत होते. घरात स्थळं पाहणं सुरू झालं होतं. पाचवी खेप शेवटची, असं बाबांनी बजावलं होतं. निकाल लागला की मी ऑफिसातल्या जुन्या फायलींच्या खोलीत जाऊन रडायचे. काका स्टूल ओढून शेजारी बसत आणि घड्याळ पाहत. मी तासभर रडले तर ते अठरा मिनिटं गप्प बसत, मग उठून कामाला लागत.

चौथ्यांदा नापास झाले तेव्हा मी वैतागून त्यांच्याच नियमावर बोट ठेवलं. तोट्यातला वाटा घेता घेता गुंतवणूक शून्यावर आली की पुढचा तोटा घ्यायचा नसतो ना, मग तुम्ही अजून इथं कशाला बसलात?

"तो नियम कंपनीले हाये पोरी, मले नाही."

त्या दिवशी त्यांनी घड्याळ पाहिलंच नाही. हा माणूस मला तेव्हा किती आवडला, काय सांगू!

पुढे ते निवृत्त होऊन कळंबला राहायला गेले. आणि पाचव्या खेपेला मी पास झाले. फोनवर सांगितलं तर पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज. मी दहा पेढ्यांचा डबा एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरजवळ त्यांच्यासाठी दिला. दुसऱ्या दिवशी तोच कंडक्टर डबा घेऊन ऑफिसात हजर.

"त्यायनं वापस केला," तो म्हणाला.

उघडून पाहिलं तर आत सात पेढे.

मला हसू आवरेना आणि रडूही. काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून मी तीन बोटं वर केली. दारातल्या चहावाल्याला वाटलं, तीन चहा हवेत. त्यानं तीन कप आणून ठेवले. एक मी घेतला, एक कंडक्टरला दिला आणि तिसरा त्या खुर्चीसमोर सरकवला.

"हा कोनाचा?" कंडक्टरनं विचारलं.

"हिस्सेदाराचा," मी म्हटलं.