मेजरांचा जोडफोटो

देऊळघाटात भाऊराव इंगळेंना सगळे मेजर म्हणतात. खरं तर ते नायक या हुद्द्यावरून निवृत्त झाले. पण फौजेतून घरी आलेल्या माणसाला गाव परस्पर बढती देतं आणि ती नाकारायची सोय नसते. माणूस साधारणपणे एकदा निवृत्त होतो. मेजर दोनदा झाले. सतरा वर्षं पलटणीत काढून दोन हजार दोन साली पहिल्यांदा, आणि मग बुलढाण्यातल्या एका बँकेच्या दारात मांडीवर बंदूक घेऊन तेवीस वर्षं बसल्यावर, साठाव्या वर्षी दुसऱ्यांदा. निरोपाला शाल मिळाली, नारळ मिळाला, फेटा बांधला गेला. नोकरीबरोबर मिळणारा नवरा-बायकोचा आरोग्य विमाही त्याच दिवशी संपला, हे मेजरांना फेटा उतरवल्यावर कळलं.

स्वतःसाठी त्यांना विम्याची फिकीर नव्हती. आपल्याला साधी शिंकसुद्धा परवानगी घेऊन येते, असं ते सांगत. प्रश्न होता बायकोचा, बनाबाईंचा. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. चहात मीठ पडू लागलं. एकदा तर खांबाला टांगलेल्या मेजरांच्या जुन्या फौजी कोटाला त्यांनी पंधरा मिनिटं फैलावर घेतलं, आणि आज हे उलट बोलले नाहीत म्हणून खुशीत घरात आल्या.

"भगवंतरावनं फौजेच्या कारडावर बायकोचा गुडघा बदलून आनला," बनाबाई म्हणाल्या. "आता ते टुणटुण चालून राह्यली. तुमी काऊन काढत नाई कारड?"

"काढतो ना. घाई काय हाय?" मेजर म्हणाले. हे ते वीस वर्षांपासून म्हणत होते.

माजी सैनिकाने एकदा वर्गणी भरून कार्ड काढलं, की त्याच्यावर आणि त्याच्या बायकोवर जन्मभर इलाज होतात. पोरांना कळेल इतकं हे सोपं आहे. पण मेजरांच्या ट्रंकेत एक फोटो होता, आणि त्या फोटोच्या धाकाने ते कार्डाच्या वाटेला जात नव्हते.

झालं होतं असं. पहिल्या निवृत्तीच्या आधी ते शेवटच्या रजेवर घरी आले, ते पेन्शनच्या कागदांना जोडफोटो काढायला. जोडफोटो म्हणजे नवरा-बायको शेजारी शेजारी बसलेले, डोळे उघडे, नजर समोर. येताना त्यांनी कॅन्टीनमधून एक प्रेशर कुकर आणला होता. आल्या आल्या भावाच्या मायेला उकळी फुटली आणि त्यांनी तो दोन घरं सोडून राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, जनकाबाईला, देऊन टाकला. बनाबाईंनी पिशवी भरली आणि हिवरा आश्रम या गावी माहेर गाठलं. चार दिवसांत पलटणीचं पत्र आलं: फोटो ताबडतोब पाठवा. आता बायकोला आणायला जायचं म्हणजे माफी मागायची. बर्फात उभं राहून पहारा केलेल्या मेजरांची एवढी मात्र हिंमत झाली नाही. त्यांनी जनकाबाईलाच स्टुडिओत नेऊन शेजारी बसवलं.

"वहिनी, थोडं जवळ सरका," फोटोवाला म्हणाला.

"मी कायले सरकू जवळ?" जनकाबाई कडाडली. फोटोत तिची तीच मुद्रा आहे.

बनाबाई पंधरा दिवसांनी परत आल्या. दुसरा कुकर आला, भांडण मिटलं. फोटो मात्र पेन्शनच्या कागदांना चिकटला तो चिकटलाच. कार्ड काढायचं तर तो बाहेर येणार. आणि बनाबाईंचे डोळे एकदा बरे झाले, की त्यांना तो दिसणार! मेजरांची दोन्हीकडून कोंडी झाली.

मग एका सकाळी बनाबाईंनी चुलीवरच्या पातेल्याची कड समजून उकळत्या दुधात बोटं घातली. ओरडल्या नाहीत. हात पाण्यात धरून नुसत्या म्हणाल्या, "मले वाटलं, अजून तापलंच नाई." मेजरांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी त्या दुधाचा चहा घेतलाच नाही. त्यांनी ट्रंक उघडली, फाईल काढली आणि आधी जनकाबाईचं घर गाठलं.

"अक्का, मी आज सारं सांगून टाकतो."

"मंग मी बी येते," सत्तरीची जनकाबाई पायात चपला सारत म्हणाली. "फोटोत आपन दोघं होतो, त तू एकलाच काऊन जातं?"

असे बनाबाईंना घेऊन तिघं रिक्षाने बुलढाण्याला, माजी सैनिकांच्या दवाखान्यात पोचले. कागद तपासायला टेबलामागे तुळशीराम होते. ते स्वतः निवृत्त सुभेदार. भिंतीवर त्यांच्या नावापुढचा हुद्दा वाचला आणि मेजरांच्या टाचा आपोआप जुळल्या. छाती पुढे आली. वाटेत तीन वेळा घोकलेलं नम्र मराठी भाषण कुठल्या कुठे गेलं, आणि तोंडातून परेडच्या मैदानावरची खणखणीत हिंदी बाहेर पडली.

"साहब, फोटोवाली औरत मेरी बीवी नहीं है!"

खोकणारे खोकायचे थांबले. रक्तदाब मोजून घेत असलेल्या एका म्हाताऱ्याने तर पट्ट्यासकट खुर्ची वळवली.

सुभेदारांनी फोटो हातात घेतला. "फिर किसकी बीवी है?"

"माह्या नवऱ्याची होती," बाकावरून जनकाबाई म्हणाली. "तो वारला."

सुभेदारांनी फोटो पाहिला, मेजरांना पाहिलं, जनकाबाईला पाहिलं. तिन्हीकडे एकच नाक होतं, मधे फुगीर आणि टोकाला वाकलेलं. "कमाल आहे," ते म्हणाले. "इतकी वर्षं हे नाक कुणाला दिसलं नाही?"

मेजरांनी डोळे मिटून घेतले होते. आता शेजारून स्फोट होणार, पिशवी भरली जाणार, हिवरा आश्रमाची गाडी पकडली जाणार. पण शेजारून कसला तरी फसफस आवाज येऊ लागला. त्यांनी एक डोळा उघडला. बनाबाई तोंडावर पदर दाबून हसत होत्या, आणि हसू पदराला आवरत नव्हतं.

"मले माहीत हाय," त्या कशाबशा बोलल्या. "तवाचंच माहीत हाय. अक्कानंच सांगतलं, कुकरात वरण लावता लावता."

"अक्का! तू सांगतलं?"

"माह्या पोटात राह्यते का काई?"

"मंग मले काऊन नाई सांगतलं, का तिले माहीत हाय म्हून?"

"तू इचारलं कुठी?"

बनाबाईंनी डोळे पुसले. "तेवीस वर्षं वाट पाहून राह्यली मी, आज सांगतीन, उद्या सांगतीन. कारड बी नाई काढलं याच्यापायी. एवढं भेव वाटते व्हय माहं?"

"वाटते," मेजर म्हणाले. सगळ्या दवाखान्यादेखत म्हणाले, आणि त्यांना एकदम हलकं वाटलं. फौजेत, बँकेत, कुठेच त्यांनी हे कबूल केलं नव्हतं. पट्टा बांधलेल्या म्हाताऱ्याने खुशीने मान डोलावली.

सुभेदारांनी रस्ता काढून दिला. चुकीची कबुली देणारं प्रतिज्ञापत्र करा, साक्षीला बहिणीची सही घ्या, नवा जोडफोटो लावा. पुढचं वरचे लोक ठरवतील. लगेच तिघं समोरच्या स्टुडिओत गेले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण दोघांचाच असा फोटो आजवर निघालाच नव्हता, हे खुर्चीवर बसल्यावर मेजरांच्या ध्यानात आलं. लग्नातल्या एका फोटोत दोघं होते, पण त्यात अकरा माणसं आणि एक बैल होता.

"हसू नका, सरकारी फोटो आहे," फोटोवाला म्हणाला. हे ऐकून बनाबाईंना आणखी हसू फुटलं. तीन फोटो वाया गेले. चौथ्याला कॅमेऱ्यामागून जनकाबाईच ओरडली, "थोडं जवळ सरका ना बे! आता काय झालं लाजायले?" मेजर सरकले.

कागद तीन महिने फिरले. पत्रं आली, पत्रं गेली, आणि अखेर कार्ड हातात पडलं. त्यावर बनाबाई होत्या, स्वतःच्या नाकासकट. दवाखान्याने चिठ्ठी दिली, डोळ्यांच्या इस्पितळात पहिला डोळा झाला, दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली.

घरी आल्यावर बनाबाईंनी आधी फोटो मागितला. मेजरांनी नवा जोडफोटो त्यांच्या हातात दिला आणि, सवयीने, सावधानमध्ये उभे राहिले.

बनाबाईंनी फोटो उजेडाकडे धरला. त्यातल्या पिकल्या मिशा, खोल गेलेले गाल, गळ्याशी सैल पडलेली कॉलर त्या निरखत राहिल्या. चार-पाच वर्षं त्यांना नवऱ्याचा चेहरा असा दिसलाच नव्हता. मग काळा चष्मा वर सारून त्यांनी समोरच्या माणसाकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं, आणि हसतच विचारलं,

"आवं, हा म्हातारा कोन? याही टाइमाले दुसऱ्यालेच बसवलं का?"