भावाच्या गावचे भूकंप

वर्षातले दोन महिने आमच्या घरी चूल जेमतेम पेटायची. एक आडीचा, एक मार्गळीचा. तमिळ पंचांगातल्या या दोन महिन्यांत लग्नं होत नाहीत, आणि आमचं घर लग्नांवर चालायचं. अप्पा कुंभकोणम-पापनाशम पट्ट्यातल्या लग्नाच्या मंडपांत आचाऱ्याच्या हाताखाली काम करत. भाज्या चिरायच्या, नारळ खवायचे, शेवटी कढया घासायच्या. ते आचारी नव्हते, आचाऱ्याच्या हाताखालचे होते. हा फरक अप्पांनी कधी लपवला नाही, म्हणून मीही लपवत नाही. लग्नसराईत ते केळीच्या पानात बांधून उरलेलं आणायचे. सांबार, दोन भाज्या, कधी पायसमसुद्धा. आडीत मात्र पेज. पेज आणि आईनं ताकात भिजवून वाळवलेली मिरची.

धाकटा भाऊ विचारायचा, "आज कुणाचंच लग्न नाही की?"

आई म्हणायची, "सगळ्यांची झाली रे."

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत आमच्यासारखी मराठी घरं बरीच, पण खाऊनपिऊन सुखी. कुणी बँकेत, कुणी मास्तर, कुणाची शेती. त्यांच्या घरी कार्य असलं की अप्पांना बोलावणं यायचं, आणि अप्पा मागच्या दारानं आत जायचे. त्या घरांतली मुलं कॉलेजात जायची, त्यात नवल नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मी. ओरत्तनाडूच्या बाजूला बसनं जायचे. भूगोल घेतला, कारण भूगोलाला जागा शिल्लक होत्या. पुढे आवड लागली ती वेगळी गोष्ट. पदवी मिळाली, बी.एड. झालं, आणि आता वीस वर्षं मी पापनाशमकडच्या एका शाळेत भूगोल शिकवते. हे मी न लाजता सांगते. मराठी आम्ही घरात बोलत आलो, पण लिहायचं झालं तर तमिळ अक्षरांत. ही देवनागरी मी चाळिशीत शिकले, तीही माझी मीच.

पदवीनंतर घरात एक सवय लागली. काहीही असो, मला विचारायचं. गोळी जेवणाआधी की नंतर, फॉर्मवर सही कुठं, कुठला मोबाइल घ्यायचा. "तिला विचारा, ती शिकलेली आहे." अप्पा गेले तेव्हा त्यांना कुठल्या दवाखान्यात न्यायचं तेही मलाच विचारलं होतं. मला हे आवडायचं. खोटं कशाला बोलू.

भाऊ माझ्याइतका शिकला नाही. त्यानं हॉटेलचं स्वयंपाकाचं शिक्षण घेतलं, आखातात पाच वर्षं काढली आणि तिथून आइसलँडला गेला. समुद्राकाठी मासे साफ करून गोठवण्याचा एक कारखाना होता. तिथल्या कामगारांसाठी स्वयंपाक करायचा. गाव लहान, पगार बरा, थंडी भयंकर. पहिल्या महिन्यात त्यानं फोटो पाठवला, अंगावर तीन जॅकेटं. आई म्हणाली, "कोण रे हा जाडा?"

मग एका हिवाळ्यात त्या गावाखालची जमीन हलायला लागली. दिवसाला शेकड्यांनी धक्के. गाव रिकामं केलं. काही आठवड्यांनी गावाच्या वर जमिनीला लांब चीर पडली आणि लाव्हा बाहेर आला. थोड्या दिवसांनी थांबला. सगळ्यांना वाटलं, संपलं. संपलं नाही. खाली पुन्हा शिलारस भरायला लागला, पुन्हा जमीन इंचाइंचानं वर आली, पुन्हा फुटली. असं दोन वर्षं चाललं. गावात राहायला बंदी, पण मधल्या काळात दिवसा कामाला जायची परवानगी मिळायची. कारखाना सुरू व्हायचा, बंद व्हायचा, परत सुरू व्हायचा. भाऊ अर्ध्या तासावरच्या दुसऱ्या गावात खोली घेऊन राहत होता आणि कंपनीच्या बसनं जा-ये करत होता.

तिथल्या हवामान खात्याचं रोजचं निवेदन इंग्रजीतून असतं. खाली धक्क्यांचा तक्ता. वेळ, खोली, तीव्रता. मी रोज सकाळी पापनाशमच्या बसमध्ये बसले की तो तक्ता उघडायचे. अंगठ्यानं वर सरकवत जायचं. किती वेळ सरकवावं लागतं यावरून मला दिवस कसा जाणार ते कळायचं. मग बसमधूनच आईला फोन करून आदल्या दिवसाचा आकडा सांगायचा. ती भिंतीवरच्या कॅलेंडरचं कालचं पान फाडायची, त्याच्या पाठीवर आकडा लिहायची आणि खिळ्याला टोचून ठेवायची. मी लहानपणी विषमज्वरानं पडले होते तेव्हा ती माझा ताप असाच लिहायची. आकडा उतरला की तिचा जीव भांड्यात पडायचा. मीही तिला कधी म्हटलं नाही की हा ताप नव्हे. कारण मीसुद्धा तसंच बघत होते.

दुपारी आमच्या जेवणाच्या सुट्टीत तिथं सकाळ झालेली असते. त्याचा फोन यायचा. "अक्का, आज जाऊ की नको?" कंपनी जा म्हणते, सरकार परवानगी देतं, पण अक्का काय म्हणते ते ऐकल्याशिवाय हा बसमध्ये चढायचा नाही. मी तक्ता बघून जा म्हणायचे, किंवा आज नको, आजारी आहे म्हणून कळव. चार-पाच वेळा तो खोटा आजारी पडला असेल.

स्टाफरूममध्ये विज्ञानाच्या बाई डबा उघडता उघडता विचारायच्या, "काय टीचर, आज तुमचा डोंगर काय म्हणतो?"

"डोंगर नाही तो, चीर आहे."

"बरं, तुमची चीर काय म्हणते?"

पहिल्या वर्षी मी त्यांना नीट समजावून सांगायचे. दुसऱ्या वर्षी नुसती मान हलवायचे. माणूस काळजीलाही कंटाळतो, हे मला तेव्हा कळलं. तक्ता उघडायचा म्हटलं की हात जड व्हायचा, आणि न उघडता बसलं की अपराध्यासारखं वाटायचं. झोप झाली तरी थकवा जायचा नाही.

त्या गुरुवारी सव्वा वाजता फोन आला. डबा अजून उघडला नव्हता.

"अक्का, आई नको म्हणते. दीडला राहुकाळ लागतो म्हणे, तीनपर्यंत पाऊल बाहेर टाकू नकोस."

"तिकडे किती वाजले?"

"पावणेआठ. बस सव्वाआठला. तीनपर्यंत थांबायचं म्हणजे इथले साडेनऊ. बस काय माझ्यासाठी थांबणार?"

"तंजावूरचा राहुकाळ तुला कसा लागेल? तो सूर्योदयावरून काढतात."

"तेच मी तिला म्हटलं. इथं सूर्यच अकराला उगवतो. मग राहू कधी, संध्याकाळी? तर म्हणते, तू कुठल्या गावचा? तंजावूरचा. मग तुझा राहू तंजावूरचा."

मी हसले. मला बघून स्टाफरूममधल्या बाकीच्याही हसल्या. खूप दिवसांनी हसायला मिळालं होतं. तक्ता मी सकाळीच पाहिला होता. आठवडाभर सरकवून सरकवून अंगठा दुखत होता, आणि आज सगळा तक्ता एका नजरेत मावला होता. सात-आठ ओळी. आईनं तोच आकडा लिहून टोचला होता आणि तरी राहुकाळ काढत होती, याचाच मला राग आला.

"तिला मी सांगते," मी म्हटलं. "आज सगळं शांत आहे. तू जा."

"नक्की?"

"अरे, मी सांगते ना."

तो गेला.

साडेतीनला आठवीचा तास होता. नकाशा कसा वाचायचा. नकाशाच्या कोपऱ्यातली सूची न वाचता उत्तरं लिहिली म्हणून मी एका मुलीला उभं केलं होतं. तेवढ्यात फोन थरथरला. वर्गात मी कधी फोन घेत नाही. त्याचं नाव दिसलं, तो अवेळी करत नाही, म्हणून घेतला. त्या मुलीला बस म्हणायचं राहून गेलं.

मागं भोंग्याचा आवाज. लांबलचक, चढता-उतरता.

"अक्का, निघालोय. बसमध्ये आहे. सगळ्यांच्या फोनवर मेसेज आला, लगेच गाव सोडा."

"फुटलं?"

"अजून नाही. जमीन नुसती थरथरतेय. खालून कुणी ट्रक चालू करून ठेवल्यासारखी. मी सूप ठेवलं होतं, तसंच टाकून पळालो."

"शेगडी बंद केलीस की?"

"अक्का! इथं जमीन फाटायला निघालीय आणि तू शेगडी विचारतेस?"

फोन कट झाला. पुढची पंचवीस मिनिटं मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. मुलींनी गडबड केली नाही एवढं आठवतं. मग मेसेज आला. गावच्या पोलीस नाक्याबाहेर आलो. पाठोपाठ बसच्या खिडकीतून काढलेला फोटो. काळ्या माळावर नारिंगी रेघ, आणि तिच्यावर धूर. गावाच्या वरच्या अंगाला फुटलं होतं, गावात नाही. कुणाला काही झालं नाही.

पापनाशमच्या स्टँडवर बसची वाट बघत मी सकाळचं निवेदन परत उघडलं. या वेळी तक्त्यावर थांबले नाही, खालपर्यंत वाचलं. तक्त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. किनाऱ्यावर जोराचं वादळ असल्यामुळे लहान धक्के यंत्रांना नोंदवता आलेले नाहीत, प्रत्यक्षात संख्या जास्त असण्याची शक्यता आहे. आणि त्याच्या वरच्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलं होतं की शिलारसाचा साठा मागच्या वेळेइतका भरला आहे, उद्रेक कधीही होऊ शकतो. सगळं सकाळपासून तिथं होतं. मी आकडा बघितला आणि बंद केलं. धक्के थांबले नव्हते. वाऱ्याच्या घोंगावण्यात ते ऐकू येत नव्हते.

ज्या मुलीला मी उभं केलं होतं ती तासभर उभीच राहिली होती, हेही मला तिथंच आठवलं. दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली. कशाबद्दल ते तिला पूर्ण कळलं नसावं.

घरी आई दारात बसली होती. भावाचा फोन तिला येऊन गेला होता. वाटलं, आता राहुकाळ काढणार. मी चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. वादळ, यंत्रं, तक्त्याखालची ओळ, सगळं.

आईनं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे तुलाही कळत नाही."

"नाही."

"मग दोन वर्षं सांगत होतीस ते काय?"

"वाचून दाखवत होते. तेही अर्धंच."

"आणि मी लिहीत बसले." ती उठली, खिळ्यावरची सगळी पानं काढली आणि पाणी तापवायच्या बंबात घातली. "पोदुम्," म्हणाली. पुरे. "जेव आता."

दुसऱ्या दिवशी मीच त्याला फोन केला. म्हटलं, यापुढे जाऊ की नको हे मला विचारायचं नाही. मला सांगता येत नाही.

तो चिडला. "तू भूगोलाची ना? तुला येत नाही तर कुणाला येतं?"

"खात्याला येतं, तेही थोडंसं. ते स्वतःच लिहितात कधीही होऊ शकतं म्हणून. त्याच्यापुढचं मी माझ्या मनानं घालत होते."

"मग मी कुणाच्या शब्दावर जायचं?"

"कुणाच्याच नाही. तिथं जाऊच नकोस. दुसरी नोकरी बघ."

"इतकं सोपं आहे की? माझा इथं काम करायचा परवाना या कंपनीशी बांधलाय. मालक बदलायचा तर पहिल्यापासून अर्ज. इंग्रजीत. तेवढं शिकलो असतो तर कढया ढवळत बसलो असतो?"

"अर्ज मी करते. ते मला येतं."

तो म्हणाला, "सरि, ठीक आहे. पण तोपर्यंत कामावर जावं लागेल अक्का. आणि तुला फोन नाही करायचा?"

"कर. जेवलास की विचारायला कर."

पुढचे सात महिने मी अर्ज लिहिले. शाळेतून आल्यावर, रविवारी, परीक्षेचे पेपर बाजूला सारून. प्रत्येक अर्जाला वेगळं पत्र, प्रत्येकाला त्याच्या अनुभवाचा वेगळा कागद. आखातातल्या मालकाकडून दाखला मिळवायला दोन महिने गेले. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही, काहींनी भाषा येत नाही म्हणून नकार दिला. तेव्हा तो संध्याकाळच्या वर्गात त्यांची भाषा शिकायला लागला. मला पाढे म्हटल्यासारखी वाक्यं म्हणून दाखवायचा. मला एक अक्षर कळायचं नाही, मी बरोबर आहे म्हणायचे. मधल्या काळात ती चीर आणखी एकदा उघडली. त्या दिवशी तो कामावर नव्हता. ते नशिबानं. माझ्या सांगण्यावरून नाही.

मी अजून ते निवेदन वाचते. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. वाचून झालं की फोन पर्समध्ये टाकते, कुणाला काही सांगत नाही. खाली अजून भरतंच आहे, असं ते लिहितात.

भावाला बेटाच्या उत्तर टोकाला, त्या चिरेपासून दिवसभराच्या वाटेवर, एका शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी मिळाली. नवा परवाना आला. त्यानं कारखान्याची नोकरी सोडली आणि खोलीची किल्ली परत दिली. तो त्या गावातून बाहेर पडला आहे.