कोंड्याला इथे रूसी म्हणतात

ताई, कराड स्टेशनवर गाडी हलायला आली तेव्हा तू रडत होतीस, आणि आई खिडकीतून हात घालून माझ्या भांगाला तेल चोपडत होती. सगळा डबा बघत होता, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिचं आपलं चालूच, "दिल्लीची हवा वाईट. डोकं कोरडं ठेवू नकोस." जास्वंदीच्या तेलाची बाटली पिशव्यांवर पिशव्या बांधून दिली होती, तरी झाशी यायच्या आत सांडलीच.

दिल्लीत मुनिरकाच्या भाड्याच्या खोलीत पहिल्याच थंडीत डोक्यातून भुसा गळायला लागला. मग भुवयांत, नाकाच्या कडांना, कानांमागे लाल चट्टे, वर पिवळट चिकट खपल्या. खाज तर अशी की जीव नकोसा. फोनवर आईचं एकच, "तेल लावत नसशील." मी आणखी लावायचे, ते आणखी वाढायचं. क्लासमधली मुलगी खुर्ची सरकवून बसायला लागली तेव्हा मी डॉक्टर गाठली.

ती म्हणाली, "रूसी ही है, ज़रा ज़िद्दी वाली." सेबोरिक डर्मटायटिस. घाणीमुळे होत नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. सगळ्यांच्याच कातडीवर एक बुरशी असते, ती तेलावर पोसते आणि काहींना सोसत नाही. कायमचं जात नाही, आटोक्यात राहतं. आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू लावून पाच मिनिटं थांबायचं, मग धुवायचं. थंडीत, टेन्शनमध्ये परत उठणारच. "और तेल बिल्कुल बंद."

बिल्कुल बंद! हे आईला कसं सांगायचं? तोवर इकडचा शब्द तोंडात बसला होता. फोनवर म्हटलं, "आई, मला रूसी झालीय." ती थबकली. "कोण रुसलंय गं? मी तर काहीच बोलले नाही." मी हसले, पण ती खरंच घाबरली होती. सगळं समजावल्यावर एवढंच म्हणाली, "बरं. मग मी काय करू?" तेलाशिवाय माझ्या डोक्याला हात कसा लावायचा, हे तिला माहीतच नव्हतं. मलाही नव्हतं. आपल्या घरात कुणी कुणाला जवळ घेतलंय कधी?

पुढे लग्न झालं, लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर मिळालं आणि आई राहायला आली, तेल न आणता. रविवारी मी शाम्पू काढला तर म्हणाली, "आण इकडे. हे तरी लावू दे." बाथरूममध्ये मला पाटावर बसवलं, नखं न लावता हलक्या हाताने चोळलं. मग थांबायचं होतं. गप्प बसणं तिला कुठलं जमायला! फेसात बोटं तशीच ठेवून ती बोलत राहिली. बाबा गेले त्या दिवसाबद्दलही बोलली. कधीच बोलली नव्हती.

आता ती नाही. फेस लावून पाटावर बसले की बोटं येतात. भास म्हण, काही म्हण. मागे वळून बघवत नाही. भीती तिची नाही गं, मागे कुणी नसेल याची. परवा लेकीने दार वाजवलं, "मम्मा, किससे बात कर रही हो?"

तू सारखी विचारतेस, घरी कधी येतेस. यंदा माझं डोकं एकदम साफ आहे. डॉक्टर खूश होऊन म्हणाली, आता शाम्पू पंधरवड्यातून एकदा पुरे. मला तिच्यासमोरच रडू फुटलं. ताई, पंधरवड्यातून एकदाच घरी जायचं?