रोज लिहायची हिरवी

"दिसायला काय, सरबतही हिरवं दिसतं. लिहून बघितलंस का?"

शाईच्या नव्या नमुन्याचं कोणी कौतुक केलं की बाई असं फाडकन बोलायच्या आणि बोट ओलं करून ताज्या ओळीवरून सर्रकन फिरवायच्या. ओळ टिकली तर नुसतं "हं". पसरली तर अख्खी बाटली मोरीत.

वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा शाईच्या कारखान्यात त्या केमिस्ट होत्या आणि मी तिथला सेल्समन. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या स्टेशनरीच्या दुकानांत बॅग घेऊन हिंडायचं, हे माझं काम. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बॉलपेनं आलेली होती, पण शाळांतून अजून फाउंटन पेनाचा आग्रह असायचा, म्हणून आमचं बरं चाललेलं.

बाई नौपाड्यात म्हाताऱ्या आईबरोबर राहायच्या. एम.एस्सी. झालेल्या, लग्न न केलेल्या, उजव्या हाताची बोटं कायम कुठल्या तरी रंगात बुडालेली. त्यांच्या रागाच्या गोष्टी कारखान्यात चवीनं सांगितल्या जायच्या. लेबलावरचं शुद्धलेखन चुकलं म्हणून त्यांनी छापखान्याच्या मालकाला फाटकातूनच परत पाठवलेलं. आम्ही हसायचो. तुम्हीही अशा माणसांना हसला असाल.

हिरव्या शाईचं मात्र त्यांना फार वर्षांपासून वेड होतं. त्या काळी हिरव्यात सही करायची ती साहेब लोकांनी, असा सगळ्यांचा समज. बाईंना त्याचा संताप यायचा.

"हिरवा रंग काय साहेबांच्या बापाचा आहे? डोळ्यांना थंड वाटतो. शाळेतल्या पोरीनं, पोस्टातल्या माणसानं रोज का नाही लिहायचं हिरव्यात? मला सहीची शाई करायची नाहीये. रोज लिहायची करायचीय."

आणि त्या ती करत होत्या. कारखान्यातल्या पांढऱ्याशुभ्र कागदावर कुठलीही शाई राणीसारखी दिसते, म्हणून त्या मला बाजारातली सगळ्यांत हलकी वही आणायला लावायच्या, ज्यात शाई पसरते आणि पाठीमागे उतरते. पेनही स्वस्तातलं, गळकं. प्रत्येक नमुन्यानं त्या घरचंही सगळं लिहायच्या. दूधवाल्याची चिठ्ठी, वाण्याची यादी, भावाला पत्र. अर्धा कागद पुठ्ठ्याखाली झाकून खिडकीत उन्हाला ठेवायच्या. शेवटची परीक्षा आईची. मोतीबिंदू झालेल्या आईला पिवळ्या बल्बखाली तो कागद वाचता आला तरच शाई पास.

"आईनं काल नापास केली," असं त्या सकाळी येऊन सांगायच्या तेव्हा त्यांचा चेहरा दहावीला बसलेल्या मुलीसारखा पडलेला असायचा.

शेवटी एक जमली. गडद, थोडी काळपट, पावसाळ्यातल्या आंब्याच्या पानासारखी. ओलं बोट फिरवलं तरी अक्षर जागचं हललं नाही. त्या दिवशी बाईंनी सगळ्या कामगारांना पेढे वाटले.

मोठे साहेब असते तर ती शाई तशीच बाजारात गेली असती. पण ते वारलेले आणि त्यांचा मुलगा, धाकटे साहेब, मालकाच्या खुर्चीत बसलेले. त्यांनी बाटली उजेडात धरली आणि नाक मुरडलं.

"मॅडम, हे शेवाळ आहे. मला पोपटी पाहिजे. दुकानात लांबून चमकली पाहिजे."

"पोपटी उडते. पाणी लागलं की जाते. बल्बखाली दिसत नाही."

"पाणी कोण टाकतंय?"

साहेबांनी बाहेरून पोपटी करवून घेतली. बाईंनी ती पास करायला नकार दिला. साहेबांनी खरेदी खात्यातल्या एका माणसाकडून सही घेतली आणि होळीच्या सुमाराला शाई बाजारात आली. लेबलावर बाईंचेच शब्द होते: 'रोजच्या लिखाणासाठी'. शाईबरोबर एक प्लॅस्टिकचं पेन फुकट. बाटल्या भराभर खपल्या. बाई मला म्हणाल्या, "तुझा दोष नाही, तू विक. पण मला खपाचे आकडे सांगू नकोस." त्यानंतर त्या जेवणाच्या सुट्टीतही प्रयोगशाळेतून बाहेर येईनाशा झाल्या.

श्रावणात एके दिवशी मी डोंबिवली पश्चिमेच्या एका दुकानात गेलो, तर दुकानदारानं मला हाताला धरून आत ओढलं. आत एक कोळी गृहस्थ उभे होते. कोपरच्या पलीकडे खाडीलगत त्यांचं घर. सोबत बारावीला असलेली मुलगी. तिनं उन्हाळ्याच्या सुट्टीत एका मोठ्या मुलीची पुस्तकं उसनी आणून केमिस्ट्री आणि बायॉलॉजीच्या सगळ्या नोट्स वहीत उतरवून काढलेल्या. पुस्तकं परत गेली. मग उधाणाचं पाणी घरात शिरलं आणि वह्या भिजल्या.

त्यांनी दोन वह्या माझ्यापुढे ठेवल्या. एक अकरावीची, निळ्या शाईतली. कडा डागाळलेल्या, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. दुसरीत अक्षरच नव्हतं. पानापानावर नुसतं फिकट हिरवं पाणी वाळलेलं.

"शेट, दोन्ही शाया तुमच्याच ना?" त्यांनी विचारलं. "मंग ही रायली, ती कशी गेली? माजे पोरीनं अख्खी सुट्टी बसून लिवलंय."

मुलगी वहीची चिकटलेली पानं नखानं सोडवत होती.

मी ती वही मागून घेतली आणि तसाच वागळे इस्टेटला गेलो. बाईंनी ती शेवटपर्यंत उलटून पाहिली. मग उठल्या. मी त्यांच्या मागे गेलो. साहेब केबिनमध्ये होते. त्यांनी नुकत्याच सह्या केलेली पत्रं टेबलावर रचून ठेवलेली, आणि सह्या अर्थातच आपल्याच पोपटी शाईत. बाईंनी वही समोर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं.

साहेबांनी दोन पानं चाळली. "एक डझन बाटल्या पाठवून द्या मुलीला. आणि मॅडम, खाडीच्या कडेला राहायचं आणि वह्या जमिनीवर ठेवायच्या, ह्याला कंपनी काय करणार?"

बाईंनी त्यांना अर्ध्या चड्डीत पाहिलेलं होतं, तरी आजवर 'अहो साहेब' सोडलं नव्हतं. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि सगळाच्या सगळा त्या पत्रांवर ओतला. सह्यांचे ओघळ टेबलाच्या कडेवरून साहेबांच्या पांढऱ्या पँटवर उतरले.

"आता सांग, अरे सांग, ह्यातली तुझी सही कुठली? पाणी कोण टाकतंय म्हणाला होतास ना? मी टाकलंय!"

बाहेर मशीन थांबली, एवढा तो आवाज होता. त्याच दिवशी संध्याकाळी बाईंना कामावरून काढलं.

इथवर ऐकून लोक खूश होतात. टाळी देतात. मला त्यांचाही राग येतो, कारण पुढचं कोणी विचारत नाही. साहेबांनी इस्टेटीतल्या सगळ्या मालकांना फोन करून सांगितलं की बाई डोक्यानं ठीक नाहीत. रंगाच्या कारखान्यात, औषधांच्या कारखान्यात, कुठेही त्यांना उभं केलं नाही. "फार अनुभव आहे तुमचा," असं म्हणून चहा पाजायचे आणि परत पाठवायचे. शेवटी बाई घरी शिकवण्या घ्यायला लागल्या. आणि दुकानदारांनी पोपटी बाटल्या परत पाठवायला सुरुवात केल्यावर साहेबांनी काय केलं? प्रयोगशाळेच्या कपाटातून बाईंची ती गडद हिरवी काढली, नवी बाटली केली आणि विकायला लागले. तिला 'शेवाळ' म्हणणारा तोच माणूस!

ही बातमी मीच त्यांना सांगायला गेलो. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून ती आधीच आणलेली होती.

"बरी आहे," त्या म्हणाल्या. "थोडी घट्ट केलीय मेल्यांनी. निब अडकेल. सांग त्यांना पाणी वाढवायला."

"बाई, तुम्हाला राग नाही येत?"

"येतो ना! पण म्हणून शाई बिघडू देऊ? पोरं त्यात गणितं लिहितात."

हे मला तेव्हा धड पटलं नाही, आणि त्यांनाही ते पुरतं पटलेलं नसावं. त्या एकदम उठून चहा करायला गेल्या आणि बराच वेळ आतच राहिल्या.

त्या मुलीकडे मात्र त्या दर रविवारी जायच्या. खाडीवरच्या त्या घरात बसून पुस्तकातून सांगायच्या आणि मुलगी पुन्हा लिहायची. पहिल्या रविवारी बाईंनी स्वतः बनवलेल्या गडद हिरव्या शाईची बाटली नेली. मुलीनं बाटलीकडे बघितलं, मग बाईंकडे.

"बाई, मी निल्यातच लिवते. परत रिस्क नको."

बाईंना उलट बोललेलं खपायचं नाही, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक. मी सोबत होतो, मला वाटलं आता भडका उडणार. बाईंनी बाटली पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "शहाणी आहेस. लिही."

निघताना मुलीचे वडील पिशवीभर बोंबील द्यायचे. बाईंच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा चिरला जात नसे. नको म्हणवत नसे, म्हणून त्या पिशवी घेऊन कोपरला यायच्या आणि तिथे भेटायला आलेल्या माझ्या हातात द्यायच्या. "तुझ्या बायकोला दे. आणि त्यांनी विचारलं तर फार छान झालेले म्हणून सांगेन मी. कसे करतात तेवढं विचारून ठेव." पुढच्या रविवारी त्या खरोखरच कृती सांगून आल्या. वडील बघतच राहिले.

मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली. पुढे शिकली, कल्याणच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये लागली.

नव्वदच्या दशकात फाउंटन पेन मागे पडलं, कारखाना बंद झाला. मी दुसरीकडे नोकरीला लागलो. आई गेल्यावर बाई एकट्या राहायच्या. एका मेच्या दुपारी त्या झोपेत गेल्या. मला दोन दिवसांनी कळलं.

त्यांच्या विद्यार्थ्यांनी नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये शोकसभा ठेवली. पहिल्या रांगेत कोण बसलेलं असावं? धाकटे साहेब. केस पिकलेले, पांढरा झब्बा. आयोजकांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी साहेबांना बोलायला बोलावलं.

"मॅडम म्हणजे आमच्या कंपनीचा आधार," साहेब म्हणाले. "आमची हिरवी शाई तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. वडिलांच्या पश्चात मी ठरवलं, सामान्य माणसाला रोज लिहिता येईल अशी हिरवी द्यायची. मॅडमनी मला त्यात फार साथ दिली."

मी उठणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"साहेब, शाई बाईंनी केली. तुम्ही त्यांना कामावरून काढलंत. तेवढं सांगा आणि मग बसा."

ती खाडीवरची मुलगी. आता तिशीला आलेली, लॅबमधून थेट आलेली असावी. आवाज चढलेला नव्हता. सगळा हॉल मागे वळून बघायला लागला. साहेब काहीतरी पुटपुटत खाली बसले. आयोजक घाईघाईनं पुढे आले आणि त्यांनी सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं.

आम्ही उभे राहिलो. लोकांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. मी मिटले नाहीत. वेळ झाली, खुर्च्या सरकल्या, सगळे बसले. ती तशीच उभी होती, साहेबांच्या पाठीकडे बघत.